सुताचा भाव फोडून विचारा

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला कापडाचा मीटरचा भाव पैशापर्यंत तोंडपाठ असतो. सुताचा भाव मात्र दलाल सांगेल तो! "आज अडीचशे" एवढ्या शब्दावर लाखाचा सौदा फोनवर होऊन जातो. या अडीचशेत काय काय दडले आहे, हे आमचे कारखानदार बंधू क्वचितच विचारतात.

हिशेब अवघड नाही. रुईचा भाव खंडीवर असतो आणि खंडी म्हणजे 356 किलो. समजा, खंडी 53,400 रुपयांना आहे, तर रुई किलोला 150 रुपये पडली. कताईत शंभर किलोमागे 15 किलो घट धरली, तर किलोभर सुतात सुमारे 176 रुपयांची रुई गेली. उरलेल्या 74 रुपयांत गिरणीची वीज, मजुरी, वाहतूक, दलाली, नफा आणि उधारीचे व्याज. रुई उतरली आणि सूत जागचे हलले नाही, तर कारण विचारावे. त्यात भांडण कसले?

सर्वांत महाग पडते ती उधारी. रोखीने 250 आणि साठ दिवसांच्या मुदतीने 260. दहा रुपयांनी काय होते, असे वाटते. पण अडीचशेवर दोन महिन्यांना दहा म्हणजे चार टक्के, वर्षाला 24 टक्के! बँकेने एवढे व्याज मागितले असते तर आपण उठून आलो असतो. येथे ते कळतही नाही, कारण उधारीच्या गिऱ्हाइकाला रोखीचा भाव सहसा सांगितलाच जात नाही. म्हणून दोन्ही भाव मागावेत.

वजन निव्वळ की कोनासकट, भाडे व जीएसटी धरून की वेगळे, हेही लिहून घ्यावे. 30 नंबरचे म्हणून घेतलेले सूत 29 निघाले, तर किलोमागे लांबी तिसाव्या हिश्शाने घटते. भाव तोच राहतो.

आठ मागांच्या मालकाने एवढे विचारले तर पेढीवाला दुसरे दुकान दाखवील, हे आम्ही जाणतो. जुनी बाकी असेल तर तोंडही उघडत नाही. अशांनी शेजारच्या चार-पाच जणांची मागणी एकत्र करावी आणि दोन-तीन पेढ्यांकडून एकाच दिवशी, एकाच नंबरचे, सारख्या मुदतीचे भाव कागदावर मागवावेत.