लाल कॅलिपर हवाय? आधी चाक तरी काढा!

रील्स बघताना तुमचाही अंगठा तिथेच थांबला असेल. काळी गाडी, काळे अलॉय आणि त्या अलॉयच्या काड्यांमधून डोकावणारा लालभडक ब्रेक. बस्स, एवढंच. गाडी सिग्नलला उभी असली तरी पळतेय असं वाटतं. आणि मग घरासमोरची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली आपली हॅचबॅक एकदम फिकी दिसायला लागते. इंजिनला हात लावायचा तर खिसा परवानगी देत नाही. अलॉयसाठी घरी महिनाभर मस्का मारून झालाय. मग उरतं काय? कॅलिपर!

आता दोन मार्ग. एक तर तयार कव्हर आणून वरून बसवायचं, नाहीतर आहे तोच कॅलिपर रंगवायचा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात नुसतं विचारून बघा, कव्हरचा सेट लगेच काउंटरवर येतो. लाल हवं, पिवळं हवं, निळं हवं? त्यावर ऐटीत लिहिलेलं असतं 'ब्रेम्बो'. ब्रेम्बो ही १९६१ मध्ये इटलीत बर्गामोजवळ सुरू झालेली ब्रेक बनवणारी कंपनी. रेसिंगच्या गाड्यांना तिचे ब्रेक असतात. आपल्या हातातल्या त्या प्लास्टिकच्या तुकड्याशी मात्र तिचा बहुतेक वेळा काडीचाही संबंध नसतो.

पाच मिनिटांत काम, स्वस्त आणि लांबून भारी दिसतं. मग प्रॉब्लेम काय?

प्रॉब्लेम समजायला कॅलिपर करतो काय ते आधी बघू. चाकाबरोबर एक लोखंडी डिस्क फिरत असते. तुम्ही पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनला ढकलतो, पिस्टन ब्रेक पॅडला ढकलतो आणि दोन बाजूंचे पॅड ती डिस्क चिमटीत पकडतात. सायकलचा ब्रेक रिमला चिमटा काढतो ना, अगदी तसंच. गाडीचा वेग कमी होतो, पण ती ऊर्जा हवेत विरून जात नाही. तिची उष्णता होते.

किती उष्णता? शाळेतलं एमजीएच आठवतंय का बघा. चार मित्र आणि बॅगा धरून गाडी १२०० किलोची समजू. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना ती साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. गुणाकार केला की जवळपास ६५ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत २० लिटर पाणी नळाखालून भरून थेट उकळीपर्यंत आणता येईल! गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर यातला बराच भार इंजिन घेतं, थोडा हवा घेते. 'पेट्रोल वाचतं' म्हणून न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे काही महाभाग असतात, त्यांच्या गाडीत मात्र जवळपास सगळं ब्रेकवर येतं. डिस्क आणि पॅड आधी तापतात, मग कॅलिपर. थंड व्हायला त्यांना एकच गोष्ट मिळते, ती म्हणजे चाकातून खेळणारी हवा.

आणि आपण नेमकं तिथेच झाकण बसवतोय.

स्वस्त कव्हर बऱ्याचदा एबीएस प्लास्टिकची असतात. (हे एबीएस म्हणजे ब्रेकचं एबीएस नव्हे, गैरसमज नको. हे खेळण्यांचं प्लास्टिक.) साधारण १०० अंशांच्या आसपास ते मऊ पडायला लागतं. घाटात कॅलिपर यापेक्षा जास्त तापू शकतो. ते कव्हर धरून काय ठेवतं? सिलिकॉनचा गम, एखादी क्लिप, फार तर तार. कॅलिपर आणि अलॉयच्या आतल्या बाजूत बोटभर जागासुद्धा नसते. कव्हर थोडं जरी सैल झालं तरी ते फिरत्या चाकाला घासणार. पूर्ण सुटलं तर तुकडे होऊन बाहेर फेकलं जाणार किंवा आतच अडकणार. मागून बाइकवर कोणी येत असेल तर? हा विचार कव्हर विकणाऱ्याने करायचा नाही असं ठरलंच असावं, पण तुम्ही करा. अ‍ॅल्युमिनियमची, मॉडेलप्रमाणे मापात बनवलेली, बोल्टने बसणारी कव्हर येतात आणि ती यापेक्षा नक्कीच बरी. पण त्यांची किंमत ऐकल्यावर आपण गपचूप दुकानातून बाहेर येतो.

अजून एक गंमत आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. ड्रमला कॅलिपर नसतोच! तरीही चार कव्हरचा सेट घेतलाय म्हणून मागच्या ड्रमवर लाल कव्हर चिकटवलेल्या गाड्या दिसतात. ज्याला गाड्यांमधलं थोडंसं कळतं तो लगेच ओळखतो आणि हसतो. पुढेही तेच. आपला कॅलिपर एका पिस्टनचा, साधा. वरचं कव्हर चार पिस्टनवाल्याच्या आकाराचं. शिवाय अलॉय नसतील, स्टीलचं चाक आणि वर व्हीलकव्हर असेल, तर हा सगळा थाट पंक्चर काढणाऱ्याशिवाय कोणालाच दिसणार नाही.

माझं मत विचाराल तर रंगवा. कव्हरच्या फंदात पडू नका.

रंगवल्याने गाडी जोरात थांबणार नाही, एवढं डोक्यात पक्कं हवं. पोर्शेमध्ये पिवळा कॅलिपर म्हणजे सिरॅमिक ब्रेक, पांढरा म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेली डिस्क, अशी रंगांची भाषाच आहे. आपल्या गाडीवर लाल म्हणजे फक्त लाल. पण तो खराखुरा आपल्याच ब्रेकचा लाल असतो आणि तो सुटून कुठे उडत नाही.

आणि रंगवण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. त्यासाठी चाक काढावं लागतं. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या गाडीचा ब्रेक कधी डोळ्यांनी पाहिलाय? चाक निघालंच आहे तर पॅड किती उरलाय बघा. लोखंडी पट्टीवरचा घासणारा थर तीन मिलिमीटरवर आला असेल तर रंगाचे पैसे आधी पॅडला द्या. डिस्कवर बोट अडकेल इतक्या खोल चऱ्या आहेत का? पिस्टनभोवतीचं रबर फाटलंय का? कुठे ओलसर दिसतंय का? यातलं काहीही दिसलं तर रंगाचा डबा बाजूला आणि गाडी मेकॅनिककडे.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं तेही बाबांना विचारा. हे ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की मानकातली हीच हद्द १४० अंशांवर येते. घाटात ते उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल सरळ तळाला जातं. म्हणून बऱ्याच गाड्यांना दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. हे खर्चिक काम नाही, फक्त इन्स्टावर टाकता येत नाही.

आता प्रत्यक्ष काम. जागा सपाट हवी, हँडब्रेक लावलेला आणि बाकीच्या चाकांना विटा. नट आधी जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका, खाली स्टँड हवाच. मास्क लावा, कारण पॅडची धूळ फुप्फुसात जायच्या लायकीची नसते. तारेच्या ब्रशने गंज काढा, ब्रेक क्लीनरने तेलकटपणा घालवा. या सफाईत आळस केला तर महिनाभरात पापुद्रे निघतील. डिस्क, पॅड, सगळी रबरं, ब्रेकचा होज आणि ब्लीडरचा छोटा स्क्रू मास्किंग टेप आणि वर्तमानपत्राने झाकून टाका (ही पुरवणी वाचून झाल्यावर चालेल). डिस्कवर रंग उडाला तर तो ब्रेक क्लीनरने पूर्ण निघेपर्यंत गाडी हलवायची नाही.

रंग कॅलिपरचाच, उष्णता सोसणारा घ्या. कपाट रंगवून उरलेला ऑइलपेंट इथे चालत नाही. स्प्रेपेक्षा ब्रशने मारायचा रंग नवख्याला सोपा, कारण तो भलतीकडे उडत नाही. जाड एक हात मारण्यापेक्षा पातळ दोन-तीन हात मारा आणि डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ वाळू द्या. ब्रेक ऑइलचा थेंब पडला तर हाच रंग सोलून निघतो, हेही लक्षात ठेवा.

'आरटीओ पकडेल का?' हा प्रश्न येणारच. गाडीत कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. आरसीवर नोंद असते ती गाडीच्या रंगाची, कॅलिपरच्या नाही. बाबांची परवानगी हा मात्र वेगळा विषय, तो तुमचा तुम्ही बघा.

चाक बसवताना नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळा. निघण्याआधी पेडल दोन-तीनदा दाबून ते घट्ट लागतंय ना बघा आणि पहिली चक्कर सोसायटीच्या आवारातच, हळू मारा. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा एकदा पान्ह्याने तपासा. फोटो त्यानंतर काढा.