‘शक्यता आहे’ म्हणजे नेमकी किती?

जुलै अर्धा सरला की कळंब्यात एकच प्रश्न फिरू लागतो : तलावाचा सांडवा सुरू झाला का? एके काळी कोल्हापूर शहराला पिण्याचं पाणी देणारा हा तलाव भरून वाहू लागला, की पावसानं यंदा मनावर घेतलं असं इथली माणसं धरून चालतात. गंमत अशी, की तलावाकडे फिरकलेलीही नसलेली माणसं या प्रश्नाचं उत्तर देतात.

‘झाला असंल.’
‘झाला असणार, रातभर ओतलाय की.’
‘झालाय म्हणत्यात.’
‘हुतोय की आज-उद्या.’

चौघांपैकी कुणीच सांडवा पाहिलेला नाही आणि खोटंही कुणी बोलत नाही. आपल्याला किती खात्री आहे आणि ती कशाच्या जोरावर आहे, हे प्रत्येकानं क्रियापदाच्या टोकाला बांधून दिलं आहे. पहिल्याचा नुसता अंदाज आहे. दुसऱ्यानं रात्रभरचा पाऊस ऐकून अनुमान काढलंय आणि त्यावर तो पैज लावायला तयार आहे. तिसरा ऐकीव बातमी पुढे ढकलतोय, जबाबदारी त्याची नाही. चौथा माहिती देतच नाही, धीर देतोय.

प्रमाण मराठीत यात आणखी एक पायरी आहे. सकाळी दार उघडल्यावर रस्ता ओला दिसला, की आपण म्हणतो, ‘रात्री पाऊस झाला असावा.’ इथे खूण डोळ्यांसमोर आहे आणि तिच्यावरून मागचं ताडलं आहे. पुण्यात बसून गावाकडच्या पावसाबद्दल बोलताना आपण सहसा ‘झाला असेल’ म्हणतो, कारण हातात खूण नसते. ‘असेल’, ‘असावा’, ‘असणार’ अशी ही चढती भांजणी शाळेत कुणी पाठ करून घेतलेली नसते, तरी पाच-सहा वर्षांचं पोर ती बरोबर वापरतं. या सगळ्यावर ‘च’ आणि ‘ही’ ही एकाक्षरी अव्ययं आहेतच. ‘पाऊस येईलच’ आणि ‘पाऊस येईलही’ यांत एका अक्षराचा फरक, पण पहिलं ऐकून माणूस वाळत घातलेलं धान्य आत घेतो आणि दुसरं ऐकून आभाळाकडे बघत बसतो.

मो. के. दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झालं. त्या परंपरेतल्या शालेय पुस्तकांत ‘असावा’सारख्या रूपांना विध्यर्थी म्हटलेलं असतं, आणि त्यांचे अर्थ देताना कर्तव्य, इच्छा, योग्यता यांच्या पंगतीला शक्यता आणि तर्कही बसवलेले असतात. ‘मुलांनी खरं बोलावं’ आणि ‘एव्हाना एसटी गारगोटीला पोचली असावी’ : रूप एकच, पण पहिल्या वाक्यात कर्तव्य, दुसऱ्यात तर्क. ही मराठीची लहर नव्हे. इंग्रजीतलं ‘मस्ट’ असंच दोन्हीकडे चालतं, तुला गेलंच पाहिजे आणि तो घरीच असणार. जोन बायबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली जगभरातल्या अनेक भाषांची तुलना करून दाखवलं, की सक्ती आणि सामर्थ्य सांगणारी रूपं कालांतरानं अंदाज सांगू लागतात. उलटा प्रवास क्वचितच होतो.

इंग्रजीची अडचण वेगळी आहे. तिथे खात्रीचा भार मुख्यतः ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’, ‘मस्ट’, ‘विल’ अशा मूठभर साहाय्यक क्रियापदांवर पडतो, आणि प्रमाण इंग्रजीत एका क्रियापदापुढे यांतलं एकच बसतं. मग बारीक फरक दाखवायचा कसा? त्यासाठी क्रियाविशेषणं धावून येतात : ‘माइट पॉसिब्ली’, ‘कुड वेल’, ‘विल प्रॉबॅब्ली’, ‘मस्ट सर्टनली’. नुसतं ‘मे’ म्हणजे होईलही, नाहीही. त्याला ‘वेल’ जोडलं की पारडं होण्याकडे झुकतं. पण हे ‘वेल’ याच अर्थानं ‘विल’ किंवा ‘मस्ट’च्या मागे जात नाही. कोण कुणाशेजारी बसणार, हे ठरलेलं असतं.

मायकेल हॅलिडे यांनी १९७० साली आणि जॉन लायन्स यांनी १९७७ साली या जोड्यांचा विचार केला. क्रियाविशेषण आणि साहाय्यक क्रियापद एकाच जोराचे असले, तर दोघं मिळून एकच अंदाज सांगतात. ‘माइट’ला ‘पॉसिब्ली’ जोडल्यानं वाक्यात दोन शंका शिरत नाहीत. जोर वेगळा असला, तर मात्र एक अंदाज दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो. ‘सर्टनली माइट’ म्हणजे शक्यता आहे, आणि ती आहे हे मात्र नक्की. हीच परीक्षा मराठीत घेऊन बघा. ‘कदाचित आला असेल’ कानाला गोड लागतं, ‘नक्की आला असणार’ही लागतं. ‘कदाचित आला असणार’ म्हटलं, की ऐकणारा विचारतो, ‘अरे, नक्की काय ते सांग ना!’

इथवर सारं बोलण्यातलं झालं. प्रश्न उभा राहतो तो हे अंदाज कागदावर उतरून अनोळखी माणसांपर्यंत पोचतात तेव्हा. कळंब्याच्या कट्ट्यावर ‘असणार’ म्हणणाऱ्याचा स्वभाव ऐकणाऱ्याला ठाऊक असतो. कागदावरच्या शब्दामागचा माणूस ठाऊक नसतो.

त्याचा गाजलेला दाखला अमेरिकी गुप्तचर खात्यातला आहे. १९५१ साली युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असा अहवाल तिथे तयार झाला. अहवाल करणाऱ्या शर्मन केंट यांना परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं सहज विचारलं, गंभीर म्हणजे किती? केंट म्हणाले, शंभरात पासष्ट. अधिकारी चमकला, त्यानं ती शक्यता बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी त्याच मसुद्यावर सही करणाऱ्या सहकाऱ्यांना विचारलं. कुणी शंभरात वीस म्हणालं, कुणी ऐंशी. एका वाक्यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं आणि प्रत्येकाच्या मनातला आकडा निराळा होता. पुढे १९६४ साली केंट यांनी यावर लेख लिहून कोणत्या शब्दाला किती टक्के, याचा तक्ताच सुचवला.

भारतीय हवामान विभागाकडे असा तक्ता आहे. त्यांच्या इंग्रजी अंदाजात ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५ टक्के आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. ‘तुरळक ठिकाणी’ याचाही अर्थ बांधलेला आहे : त्या विभागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर. पावसाचं माप तर दशांशापर्यंत जातं. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. मराठी बातमीत मिलिमीटर पुष्कळदा जसेच्या तसे येतात, पण खात्रीच्या तीन पायऱ्या सपाट होऊन एकच ठोकळा उरतो : ‘पावसाची शक्यता आहे’. ३० टक्केही त्यातच आणि ८० टक्केही त्यातच.

इंग्रजी शब्द तसाच ठेवूनही भागत नाही. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या ‘आयपीसीसी’च्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९०. म्हणजे आपल्या हवामान विभागाचा ‘लाइकली’ निम्म्याच्या खाली संपतो आणि आयपीसीसीचा निम्म्याच्या बराच वर सुरू होतो. डेव्हिड बुडेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ देशांत, १७ भाषांमध्ये लोकांना आयपीसीसीची वाक्यं वाचायला देऊन त्यांच्या मनातले आकडे विचारले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की शब्द कितीही ठाम असो वा डळमळीत, वाचक त्याला पन्नास टक्क्यांकडे ओढतात. शब्दासोबत आकडा दिला, की समज बरीच सुधारते.

शब्दाची दिशाही काम करते. कार्ल तायगेन आणि विबेके ब्रून या नॉर्वेच्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांसमोर एका उपचाराचं वर्णन ठेवलं. गुण येण्याची ‘थोडी शक्यता आहे’ असं वाचणारे बहुतेकजण उपचार घ्या म्हणाले. ‘बरंच अनिश्चित आहे’ असं वाचणाऱ्यांपैकी त्याहून बरेच कमी. दोन्ही शब्दप्रयोगांतून लोकांच्या मनात उमटणारा आकडा मात्र जवळपास सारखाच होता. ‘पाणी चढेलही’ आणि ‘पाणी चढेलच असं नाही’ या दोन वाक्यांचं तसंच आहे.

पंचगंगेच्या काठी हा प्रश्न व्याकरणापुरता राहत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली-आंबेवाडीच्या शेतकऱ्याला गोठ्यातली जनावरं आज हलवायची की उद्या, हे ठरवायचं असतं. त्यासाठी ३० टक्के आणि ८० टक्के यांतला फरक त्याच्यापर्यंत पोचायलाच हवा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर तो कळून उपयोग नाही.

मराठीला शब्दांची वाण नाही. ‘थोडी शक्यता’, ‘बरीच शक्यता’, ‘दाट शक्यता’ अशा तीन पायऱ्या हवामान विभागाच्या तीन पायऱ्यांसमोर सहज ठेवता येतील, आणि प्रत्येकीपुढे टक्केवारी छापायला बातमीत फार तर अर्धी ओळ लागेल. वृत्तपत्रांनी, वाहिन्यांनी आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या पत्रकांनी या पावसाळ्यापासून एवढं करावं. आणि वाचकांनीही ‘शक्यता आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये, ‘किती?’ हे विचारावंच.