विश्लेषण : भारतीय फुटबॉलचा ऑलिम्पिक कर्णधार चक्क एमबीबीएसचा विद्यार्थी! कोण होते डॉ. तालिमेरेन आओ?

1948 च्या लंडन ऑलिम्पिकच्या संचलनात स्वतंत्र भारताचा तिरंगा फुटबॉल कर्णधार तालिमेरेन आओ यांच्या हाती होता. तेव्हा ते 30 वर्षांचे होते आणि त्यांचे डॉक्टरकीचे शिक्षण अजून सुरूच होते.

डॉक्टर व्हायचे का ठरवले?
आओ यांचा जन्म नागा हिल्समधील चांगकी गावातला. वडिलांचा टायफॉइडने मृत्यू झाला. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या माणसांवर उपचार करावेत, ही त्यांची इच्छा होती. त्यासाठी आओ यांनी कोलकात्यातील कारमायकेल मेडिकल कॉलेजात (आताचे आरजी कर) प्रवेश घेतला. शिकता शिकताच ते मोहन बागानच्या बचावफळीत खेळू लागले.

लंडनमध्ये काय झाले?
31 जुलै 1948 रोजी भारतासमोर फ्रान्स होता. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. दोन पेनल्टी वाया गेल्या आणि सामना 1-2 असा हातचा गेला. आओ यांची ही एकमेव ऑलिम्पिक स्पर्धा ठरली.

पुढे काय केले?
1950 मध्ये ते एमबीबीएस झाले. फुटबॉलवेड्या कोलकात्यात नाव, चाहते, क्लब सारे काही होते. तरीही कायमचे तिथे न राहता ते ईशान्येकडे परतले. कोहिमाच्या रुग्णालयात त्यांनी सेवा केली. नागालँड राज्य झाल्यावर ते तिथले आरोग्य सेवा संचालक झाले. 1998 मध्ये त्यांचे निधन झाले. वडिलांची इच्छा मात्र त्यांनी निवृत्तीपर्यंत पाळली.