समुद्राचं हवामान सांगणारी माणसं



इथे यूकेमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी रेडिओ फोरवरचं शिपिंग फोरकास्ट कधी ना कधी ऐकलेलं असतं. डॉगर, फिशर, जर्मन बाइट अशी एकतीस सागरी विभागांची नावं एका लयीत येतात. अर्थ कळला नाही तरी ऐकत राहावंसं वाटतं. त्यात फिट्झरॉय असं एक नाव आहे. २००२ पर्यंत त्या विभागाला फिनिस्टेअर म्हणत. मग ते बदलून एका माणसाचं नाव दिलं गेलं. हा माणूस नौदलातला कप्तान होता आणि आजच्या मेट ऑफिसची सुरुवात त्याने केली.

आजच्या भागात आपण अशाच माणसांविषयी बोलणार आहोत. नौदलासाठी, दर्यावर्दी लोकांसाठी हवामान आणि समुद्र यांचा अंदाज सांगणारे पुढारी कसे घडले, त्यांचं काम नेमकं काय होतं, आणि आपल्या घरातल्या एखाद्या मुलामुलीला या वाटेने जायचं असेल तर ती वाट कुठून सुरू होते. मी स्वतः आयटीतला सल्लागार. बैठकीत पुढच्या तिमाहीचे आकडे सांगायचे ही माझी रोजची कामगिरी. पण आपला आकडा चुकला तर फार तर एक बैठक वाढते. या लोकांचा अंदाज चुकला तर माणसं बुडत होती.

सुरुवात फ्रान्सिस बोफर्टपासून करू. जन्म १७७४, आयर्लंडमधला. वयाच्या पंधराव्या वर्षी त्याचं जहाज सदोष नकाशामुळे खडकावर आपटलं. पुढे तो आयुष्यभर नकाशे अचूक करण्याच्या मागे लागला. बोफर्टच्या काळात प्रत्येक कप्तान आपल्या रोजनिशीत वारा लिहायचा, पण एकाचा ‘जोराचा वारा’ दुसऱ्याला मंद झुळूक वाटायची. बोफर्टने १८०६ च्या सुमारास वाऱ्याला शून्य ते बारा असे क्रमांक दिले. आणि हे क्रमांक त्याने जहाजावर किती शिडं उभारता येतात यावर बसवले. सगळी शिडं लावता आली तर वारा हलका, एकही टिकत नसेल तर बारा. म्हणजे मोजायला यंत्र नको, खलाशाचे डोळे पुरेत. १८२९ मध्ये तो नौदलाचा हायड्रोग्राफर झाला, आणि १८३८ मध्ये ही मोजपट्टी नौदलात सक्तीची झाली. आजही शिपिंग फोरकास्टमध्ये ‘गेल एट’ म्हणतात, ते आठ बोफर्टचेच.

या बोफर्टने ज्या तरुण कप्तानाला हाताशी धरलं, तो रॉबर्ट फिट्झरॉय. जन्म १८०५. बाराव्या वर्षी पोर्ट्‌समथच्या नौदल विद्यालयात दाखल झाला, आणि परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवून बाहेर पडला. तेविसाव्या वर्षी ‘बीगल’ जहाज त्याच्या हाती आलं. १८३१ ते १८३६ या सफरीत चार्ल्स डार्विन याच जहाजावर होता, म्हणून जग बीगलला डार्विनमुळे ओळखतं. पण बोफर्टची वाऱ्याची मोजपट्टी अधिकृतपणे पहिल्यांदा वापरली गेली ती याच सफरीत.

१८५४ मध्ये सरकारने व्यापार मंडळाखाली एक छोटं हवामान खातं काढलं आणि ते फिट्झरॉयकडे दिलं. हाताखाली मोजके कारकून. काम ठरलेलं: जहाजांना उपकरणं द्यायची, त्यांच्या नोंदी गोळा करायच्या आणि तक्ते बनवायचे. भविष्य सांगायचं काम कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग १८५९ चा ऑक्टोबर आला. ऑस्ट्रेलियातून सोनं आणि प्रवासी घेऊन येणारं ‘रॉयल चार्टर’ हे जहाज लिव्हरपूलपासून काही तासांवर असताना वेल्समधल्या अँगल्सीच्या किनाऱ्यावर फुटलं. साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्याच वादळात किनारपट्टीवर इतरही कितीतरी जहाजं बुडाली. फिट्झरॉयने नोंदी मांडून पाहिल्या आणि त्याच्या लक्षात आलं की हे वादळ अचानक आलेलं नव्हतं. ते सरकत आलं होतं. एका ठिकाणी वायुभार उतरतो, काही तासांनी दुसऱ्या ठिकाणी उतरतो. आणि तोपर्यंत विजेची तार आलेली होती. तार वादळापेक्षा वेगाने धावते. मग पुढच्या बंदराला आधी कळवायला काय हरकत आहे?

हा विचार आज आपल्याला साधा वाटतो. पण त्या काळी हवामानाचं भाकीत म्हणजे पंचांगवाल्याचं काम समजलं जायचं. फिट्झरॉयने किनाऱ्यावरच्या ठाण्यांतून रोज तारेने नोंदी मागवायला सुरुवात केली. फेब्रुवारी १८६१ मध्ये पहिला वादळाचा इशारा गेला. बंदरावरच्या खांबावर शंकू आणि पिंप अशा आकारांच्या खुणा चढवायच्या, म्हणजे वाचता न येणाऱ्या कोळ्यालाही कळावं. आपल्या कोकणात आजही ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हणतात आणि होड्या किनाऱ्याला येतात. तो बावटा आणि फिट्झरॉयचे शंकू एकाच कुळातले.

त्याच वर्षी १ ऑगस्टला ‘द टाइम्स’मध्ये पहिला सार्वजनिक हवामान अंदाज छापून आला. यासाठी ‘फोरकास्ट’ हा शब्द रुळवला तो फिट्झरॉयनेच. हे भविष्यकथन नव्हे, नोंदींवरून बांधलेलं मत आहे, हे त्याला ठासून सांगायचं होतं. तरी व्हायचं ते झालं. अंदाज बरोबर आला की कोणी बोलत नसे, चुकला की वर्तमानपत्रात थट्टा. काही शास्त्रज्ञ म्हणत, याला सिद्धांताचा पाया नाही. काही जहाजमालकांना इशारा म्हणजे बुडालेली कमाई वाटे. सार्वजनिक कामासाठी त्याने स्वतःचे पैसेही खर्च केले होते. तब्येत ढासळली, मन खचत गेलं. ३० एप्रिल १८६५ रोजी त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

त्यानंतर एका समितीने त्याचं काम तपासलं आणि इशारे बंद केले. आता पुढचं ऐका. इशारे बंद झाल्यावर ओरड केली ती बंदरांनी आणि दर्यावर राबणाऱ्यांनी. चुकणारा इशारासुद्धा त्यांना इशारा नसण्यापेक्षा बरा वाटत होता. १८६७ मध्ये वादळाचे इशारे परत सुरू झाले. वर्तमानपत्रातला रोजचा अंदाज परतायला मात्र १८७९ उजाडलं.

आता आपल्या मुलखाशी जोडलेली एक गंमत. पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ आहे. पुणेकर त्याच नावाने रिक्षावाल्याला पत्ता सांगतात. १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं, म्हणून ते नाव. याच खात्यात १९०६ मध्ये जॉर्ज सिम्पसन नावाचा इंग्रज तरुण सिमल्याला रुजू झाला होता. बोफर्टची मोजपट्टी जमिनीवर कशी वापरायची, म्हणजे पानं हलली तर किती आणि झाड डोललं तर किती, हे त्याने बसवून दिलं. तिथून तो कप्तान स्कॉटच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेला, आणि १९२० ते १९३८ ब्रिटनच्या मेट ऑफिसचा प्रमुख होता.

आता येऊ या जून १९४४ कडे. नॉर्मंडीवर सैन्य उतरवायचं होतं. पहाटे ओहोटी हवी, म्हणजे पाण्यातले अडथळे दिसतील. आदल्या रात्री चांदणं हवं, म्हणजे विमानांना सोयीचं. असे दिवस महिन्यात मोजकेच. त्यांपैकी ५ जून ठरला होता. भरती-ओहोटीचं गणित लिव्हरपूलजवळच्या बिडस्टन वेधशाळेत आर्थर डूडसन करत होते. त्यांना फार कमी ऐकू यायचं. नौदलाच्या भरती विभागाचे कमांडर फार्कर्सन त्यांना किनाऱ्याचं नाव न सांगता ‘पोझिशन झी’ एवढंच लिहून आकडे पाठवत. डूडसन चाकं-कप्प्यांच्या यंत्रावर ते सोडवत. भारतातल्या बंदरांसाठीही १८७९ मध्ये इंडिया ऑफिसने असंच एक यंत्र इंग्लंडात बनवून घेतलं होतं.

हवामानाचा सल्लागार होता जेम्स स्टॅग. त्याला हवाई दलाचा ग्रुप कॅप्टन हा हुद्दा दिला होता. त्याच्याकडे तीन गट अंदाज द्यायचे: मेट ऑफिसचा डन्स्टेबलचा, अमेरिकनांचा, आणि नौदलाचा. नौदलाच्या गटात लॉरेन्स हॉगबेन हा न्यूझीलंडचा तरुण अधिकारी होता. रोज फोनवर तिघांची चर्चा व्हायची आणि तिघांचं क्वचितच जमायचं. अमेरिकन गट जुन्या नकाशांशी तुलना करून ५ जून चालेल म्हणत होता. डन्स्टेबलचे पेटरसन आणि डग्लस ठाम नाही म्हणत होते.

त्यातच आयर्लंडच्या पश्चिम टोकावरच्या ब्लॅकसॉड इथून नोंद आली: वायुभार झपाट्याने उतरतोय. ती घेतली होती पोस्टात काम करणाऱ्या मॉरीन फ्लॅविन या मुलीने. त्या दिवशी तिचा एकविसावा वाढदिवस होता. फोन आला, नोंद पुन्हा तपासा. तिने पुन्हा तपासली, आकडा तोच. आपण काय केलं हे तिला कितीतरी वर्षांनी कळलं.

४ जूनच्या पहाटे पोर्ट्‌समथजवळच्या साउथविक हाउसमध्ये स्टॅगने सांगितलं, उद्या नको. बाहेर आभाळ जवळपास स्वच्छ होतं. जहाजं निघालेली होती, ती मागे फिरवली. त्याच रात्री त्याने सांगितलं, ६ तारखेला थोडी उघडीप मिळेल. बाहेर तेव्हा पाऊस कोसळत होता. दोन्ही वेळा खिडकीतून दिसत होतं त्याच्या उलट तो सांगत होता, आणि आयझेनहॉवरनी त्याचं ऐकलं. ६ जूनला सुमारे दीड लाख सैनिक उतरले. तो दिवस हुकला असता तर भरतीचा पुढचा जमणारा मुहूर्त १९ जूनच्या सुमारास होता, आणि १९ जूनला खाडीत मोठं वादळ आलं.

स्टॅगचं कसब नकाशात होतंच. पण त्याहून अवघड काम म्हणजे तीन तज्ज्ञांचे वाद स्वतः पोटात घालून सेनापतीला एकच स्पष्ट वाक्य सांगणं. व्यवस्थापन शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गात हे मांडायला हवं.

त्याच वर्षी टेडिंग्टनला नौदलाच्या प्रयोगशाळेत जॉर्ज डीकन यांच्या हाताखाली एक गट लाटांवर काम करू लागला. समुद्रावरची खळबळ ही वेगवेगळ्या लांबीच्या लाटांची मिसळ असते. दूरवरच्या वादळातून निघालेल्या लाटांपैकी लांब लाटा वेगाने धावतात आणि आधी पोहोचतात. त्या ओळखल्या की हजारो मैलांवरच्या वादळाची चाहूल किनाऱ्यावर बसून लागते. वारा नसताना कोकणात अचानक उधाण येतं, त्यामागे बरेचदा अशाच दूरच्या लाटा असतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था आज मच्छीमारांना उंच लाटांचे इशारे देते, ते याच ज्ञानावर. डीकन पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

मग आज नौदलातला हवामान अधिकारी करतो काय? विमानवाहू जहाजावर विमान उतरवता येईल का ते सांगतो. आणि पाण्याखालचंही हवामान सांगतो. आवाज पाण्यात सरळ जात नाही, तापमान आणि क्षार बदलले की तो वाकतो. दुपारी वरचं पाणी तापतं आणि सकाळी दूरवर ऐकणारा सोनार अचानक जवळचंच ऐकू लागतो. पाणबुडी त्या थराखाली लपते. कुठे लपेल आणि कुठे सापडेल, हे सांगणं या अधिकाऱ्याचं काम.

घरात कोणाला ही वाट धरायची असेल तर ए-लेव्हलला गणित आणि भौतिकशास्त्र घट्ट धरा. रेडिंग विद्यापीठाचा हवामानशास्त्र विभाग आणि साउथॅम्प्टनचं समुद्रविज्ञान नावाजलेलं आहे. रॉयल नेव्हीत डार्टमथला अधिकारी प्रशिक्षण घेऊन पुढे हायड्रोग्राफी आणि मेटिऑरॉलॉजी ही शाखा घेता येते. नागरिकत्वाच्या अटी असतात आणि त्या बदलतात, म्हणून अधिकृत माहिती आधी पाहा. गणवेश नको असेल तर एक्सटरचं मेट ऑफिस आहे, टॉन्टनचं हायड्रोग्राफिक ऑफिस आहे. मेट ऑफिसच्या प्रमुखपदी २०१८ मध्ये आलेल्या पेनी एंडर्सबी भौतिकशास्त्राच्या, संरक्षण संशोधनातून आलेल्या. भारतात नातेवाइकांची मुलं असतील तर त्यांना सांगा, भारतीय नौदलाची समुद्र आणि हवामानशास्त्राची शाळा कोचीला आहे.

आपल्या माणसांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. १७ जुलै १९४७ ला, ऐन पावसाळ्यात, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडातल्या अनेक घरांत ती आठवण अजून आहे. आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाचे इशारे काही दिवस आधीपासून येत होते, तरी मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा २६१ जणांसह सापडला. नौदलाने बहुतेकांना वाचवलं, सगळ्यांना नाही. अंदाज बरोबर असणं आणि त्यावर वेळेत निर्णय होणं, या दोन गोष्टींमधलं अंतर अजून मिटलेलं नाही. ते मिटवायला पुढच्या पिढीतली माणसं लागणार आहेत.

सुट्टीत मुलांना घेऊन जायचं असेल तर लिव्हरपूलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान केंद्रात भरती-ओहोटीची ती जुनी यंत्रं जतन केली आहेत. वेळा आधी विचारून जा. फिट्झरॉयची समाधी दक्षिण लंडनमध्ये अपर नॉरवुडच्या ऑल सेंट्स चर्चच्या आवारात आहे. क्रॉयडनकरांना तर अगदी जवळ.

आजच्यापुरतं एवढंच. बाहेर पडताना छत्री घ्या. नमस्कार.