रुग्णांच्या माहितीचे जतन आणि वापर

पूर्वी हिशेबखात्यात रोजकीर्द व खतावणी अशा दोन वह्या असत. दिवसाचे व्यवहार कीर्दीत लिहिले जात आणि त्यांची खातेवार मांडणी खतावणीत होई. संगणकावरही हीच विभागणी आहे. केसपेपर, प्रयोगशाळा, औषधालय व बिल विभाग यांतील दैनंदिन नोंदी ही आपली कीर्द होय. त्या एकत्र आणून अभ्यासासाठी व अहवालांसाठी जतन केलेले ‘डेटा वेअरहाऊस’ ही खतावणी. निर्धन रुग्णांसाठी राखीव १० टक्के खाटांचा व निर्धन रुग्ण निधीचा हिशेब धर्मादाय आयुक्त कार्यालयास सादर करताना तिचा मोठा उपयोग होतो.

माहिती एके ठिकाणी आली की उपयोगाबरोबर जोखीमही वाढते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणक यंत्रणेवर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि कित्येक दिवस कामकाज हाताने करावे लागले. जाळ्याचे योग्य विभाजन नसल्याने हे घडल्याचे केंद्र शासनाने संसदेत सांगितले.

तथापि, सर्व दारे बंद करणे हा त्यावरील उपाय नव्हे. आपल्याकडे एकदा नियम अतिशय कडक केले, तेव्हा काउंटरवरील सर्वजण एकाच पासवर्डवर काम करू लागले. कोणती नोंद कोणी पाहिली, हेच कळेनासे झाले. दोष कर्मचाऱ्यांचा नव्हता. नियम कामाशी जुळत नव्हता.

म्हणून आता अधिकार कामाच्या स्वरूपाशी जोडले आहेत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांस रुग्णाचा पूर्वेतिहास दिसतो, तर बिल विभागास केवळ सेवा व दर. वेअरहाऊसमधून अहवाल तयार करणाऱ्यांना नाव, पत्ता व दूरध्वनी वगळलेलीच माहिती मिळते. एखाद्या गावातून दोनच रुग्ण आले असतील, तर नावाविनाही ओळख पटू शकते. असे आकडे तालुकावार एकत्र केले जातात. एचआयव्हीविषयक नोंदींना, २०१७ च्या कायद्यास अनुसरून, अधिक कडक संरक्षण आहे. मात्र मध्यरात्री बेशुद्ध रुग्ण दाखल झाल्यास ड्यूटीवरील डॉक्टर कारण लिहून बंद नोंद उघडू शकतात. त्याची आपोआप नोंद होते व दुसऱ्या दिवशी पडताळणी केली जाते. नोकरी सोडणाऱ्याचे अधिकार त्याच दिवशी रद्द होतात.

देणगीदारांचा पैसा आपण विश्वस्ताच्या नात्याने सांभाळतो व योग्य कारणी खर्चही करतो. रुग्णांनी विश्वासाने सांगितलेल्या माहितीबाबतही हेच कर्तव्य आहे.