धाप लागते ती कोणामुळे?

दिवाळीच्या सुमारास नीरेकाठच्या सांगवीत उसाचा हंगाम तोंडावर आलेला असतो. कुठे गुऱ्हाळाचे चुलवाण पेटते, कुठे तोडलेल्या फडातले पाचट पेटवून देतात, बांधावर गाजरगवत फुललेले असते, आणि त्यात पहाटेची थंडी. दमेकऱ्याला एवढे पुरते. मध्यरात्र उलटली की तो पाठीशी उशा रचून बसतो आणि घरातल्यांना त्याच्या छातीतला भाता ऐकू येऊ लागतो. (गाजरगवत मूळचे इथले नव्हे. पुण्यात त्याची नोंद झाली ती १९५५ च्या सुमारास. आता सातबाऱ्यावर त्याचे नाव लागायचे तेवढे राहिले आहे!)

पण वाचकहो, तीच हवा शेजारीही घेतो आणि खुशाल झोपतो. फरक आहे तो श्वासनलिकेच्या अस्तरात. दमेकऱ्याचे अस्तर बारमाही सुजलेले असते. धूर फक्त काडी लावतो. ही सूज आणणाऱ्यांत एका पांढऱ्या पेशीचा वाटा मोठा. पॉल एर्लिख या जर्मन पंडिताने १८७९ साली तिला ओळखले. इओसिन या तांबड्या रंगाने तिच्यातले दाणे रंगतात म्हणून तिचे नाव इओसिनोफिल. जंतांशी लढणे हे तिचे काम. दम्यात मात्र शत्रू नसताना ती श्वासनलिकेत तळ ठोकते आणि दाण्यांतले दाहक द्रव्य घरच्याच भिंतीवर ओतते. भिंत सुजते, स्नायू आवळतात, चिकट बेडक्याने वाट बुजते.

स्टेरॉइडच्या गोळीपुढे ही पेशी फार काळ टिकत नाही. डर्बीच्या डॉ. मॉरो ब्राउन यांनी १९५८ साली दाखवून दिले की, ज्यांच्या बेडक्यात या पेशी दिसतात त्यांनाच प्रेडनिसोलोनचा खरा गुण येतो. साधी सूक्ष्मदर्शकाखालची परीक्षा. पण ती पुढे कित्येक वर्षे फारशी कोणी मनावर घेतली नाही.

खरी अडचण निराळीच आहे. काही रोग्यांची गोळी सुटता सुटत नाही. मात्रा उतरवली की आठवड्या-दोन आठवड्यांत धाप परत. कारण गोळी पेशी मारते, पण त्यांना बोलावणे धाडणारे थांबत नाहीत. इंटरल्यूकिन-५ नावाचा निरोप घेऊन नवी पलटण अस्थिमज्जेतून निघतच राहते. इकडे गोळी आपली किंमत वसूल करते: चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. आणि वैतागून गोळी एकदम फेकून द्यावी, तर शरीराची स्वतःची ग्रंथी तोवर आळसावलेली असते. तो प्रकार जिवावर बेतू शकतो. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने.

२००९ साली कॅनडात अशा वीस गोळीबद्ध रोग्यांवर प्रयोग झाला. नऊ जणांना इंटरल्यूकिन-५ ला वाटेतच अडवणारे मेपोलिझुमॅब हे औषध दिले, अकरांना नुसतेच पाणी. गोळी कमी करताना पाणीवाल्यांपैकी दहांचा दमा उसळला, औषधवाल्यांपैकी एकाचा. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. किंमत मात्र अशी की, ऊस घालून आलेल्या बिलात ती बसवणे कठीण.

म्हणून आपल्याकडे आधी पंपाचे पाहावे. ‘पंपाची सवय लागते’ हा समज चावडीवर पक्का बसला आहे, आणि तेच लोक गोळ्या मात्र चण्यासारख्या खातात! दहा मिलिग्रॅमच्या गोळीच्या मानाने चारशे मायक्रोग्रॅमचा पंप पंचविसावा हिस्सा. शिवाय औषध जाते थेट नळीत. पंप नीट ओढता येतो की नाही, हे डॉक्टरांपुढे ओढून दाखवावे. पुष्कळांचा तो घशातच राहतो. पंप घेऊनही गोळी सुटत नसेल, तर रक्तातल्या इओसिनोफिलची मोजणी विचारावी. तालुक्याच्या गावी ती सहज होते. गोळ्या सुरू होण्यापूर्वीचा जुना कागद असेल तर तोही बरोबर न्यावा. कारण गोळी चालू असताना या पेशी रक्तातून नाहीशा झालेल्या दिसतात आणि छातीत मात्र ठाण मांडून असतात.