जसा धनी, तसा कुत्रा निवडा



चिखले, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात चिकूच्या वाडीला राखणदार कुत्रा लागतोच. पण त्याच वाडीत दिवसा तोडणीचे मजूर येतात, व्यापाऱ्याचा टेम्पो येतो, शेजारच्या शेळ्या शिरतात. कुत्रा अंगावर जाणारा निघाला तर चावा माणसाला बसतो. आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर इलाज नाही. म्हणून पिल्लू पारखूनच घ्यावे.

पुष्कळ जण रंग बघून, नाहीतर ‘दांडगं आहे, राखण करील’ म्हणून पिल्लू उचलतात. मग ते ऐकत नाही अशी तक्रार येते. बैल घेताना आपण जोडी जुळते का ते बघतो ना? कुत्र्याचेही तसेच आहे. घरात त्याला रोज खायला कोण घालणार, हाक कोण मारणार, हे आधी ठरवा. त्या माणसाशी कुत्र्याचा स्वभाव जुळला की निम्मे शिक्षण झालेच.

स्वभावाचे ढोबळ तीन प्रकार :

१) दांडगे पिल्लू : भावंडांना ढकलून आधी खाते. त्याला शांत, पण शब्दाला पक्का धनी हवा. आज हो, उद्या नाही, असे करणाऱ्याच्या हाती ते बिघडते.

२) भित्रे पिल्लू : ताट पडल्याचा आवाज झाला की कोपऱ्यात शिरते, लवकर बाहेर येत नाही. तापट, मोठ्या आवाजाच्या माणसाने ते घेऊ नये. भ्यालेला कुत्राही चावतो.

३) मधल्या स्वभावाचे पिल्लू : आवाजाला दचकते, पण लगेच हुंगायला येते, हाक मारली की मागे येते. मुलेबाळे, गडीमाणसे यांचा राबता असलेल्या घराला हेच बरे.

ही परीक्षा म्हणजे शंभर टक्के खात्री नव्हे. म्हणून आईचाही स्वभाव बघा. अनोळखी माणसावर धावणारी कुत्री असेल तर तिचे पिल्लू जपूनच घ्या.

जातही कामाला शोभेशी हवी. दाट केसांचा अल्सेशियन आपल्या दमट उन्हात लवकर धापा टाकतो. सोलापूर-लातूरकडचा कारवान शिकारी आहे. पळती शेळी-कोंबडी दिसली की त्याचे पाय थांबत नाहीत. वाडीच्या राखणीला आपला गावठी कुत्रा काही कमी नाही.

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे झाल्यावर आईपासून वेगळे करा. तीन ते चौदा आठवडे हा त्याचा ओळखी करून घेण्याचा काळ. या दिवसांत मजूर, मुले, शेळ्या, टेम्पो सारे त्याला दाखवा, पण धाक न घालता. शिकवणी दिवसातून दोनदा, पाचच मिनिटे. सांगितलेले केले की त्याच क्षणी भाकरीचा नाहीतर सुक्या बोंबलाचा तुकडा द्या. उशिरा मारलेली काठी कशासाठी, हे त्याला कळत नाही. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चिडका होतो, हेही ध्यानात ठेवा.

तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचून घ्या. पुढचे डोस पशुवैद्यांना विचारून वेळच्या वेळी द्या. कोणाला चावा बसलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद-चुना लावू नका. तडक दवाखाना गाठा.